हेतुचक्राच्या नऊ चौकटी

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



सत्य कशाला म्हणावे, शक्य काय आणि अशक्य काय, हे प्रश्न निघाले की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हा विद्वानांचा प्रांत आहे, आपला नव्हे. आमचेही मत असेच होते. परंतु अभ्यासवर्गात आम्ही आचार्य दिङ्नागांचे हेतुचक्र फळ्यावर आखून पाहिले आणि ते मत बदलले. त्याविषयीच आज चार शब्द सांगणार आहोत.

दिङ्नाग हे इसवी सनाच्या ५ व्या-६ व्या शतकांतील बौद्ध आचार्य. 'प्रमाणसमुच्चय' हा त्यांचा मुख्य ग्रंथ. ७ व्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगाने येथील एका संघारामाचे वर्णन करताना, दिङ्नाग तेथे पुष्कळदा राहत असत, अशी नोंद केली आहे. तो संघाराम म्हणजे अजिंठा होय, असे अनेक अभ्यासक मानतात.

'हेतुचक्र' ही त्यांची अगदी छोटी कृती. मूळ संस्कृत लुप्त झाले, तिबेटी भाषांतर टिकले. हेतू म्हणजे कारण. "अमुक खरे आहे, कारण तमुक" असे आपण रोज बोलतो. असे कारण किती प्रकारचे असू शकते, हे दिङ्नागांनी मोजून दाखविले.

ज्याच्याविषयी वाद आहे तो पक्ष. जी गोष्ट सिद्ध करायची ती जेथे आहे, अशी इतर उदाहरणे म्हणजे सपक्ष. जेथे ती नाही, ती उदाहरणे म्हणजे विपक्ष. आता आपण दिलेले कारण सपक्षात सर्वत्र आढळेल, काही ठिकाणी आढळेल किंवा कोठेच आढळणार नाही. विपक्षातही याच तीन शक्यता. तीन त्रिक नऊ. झाला नकाशा! दहावी चौकट नाही.

या नऊपैकी फक्त २ चौकटींत कारण खरे ठरते. २ चौकटींत ते उलटेच सिद्ध करते, आणि उरलेल्या ५ चौकटींत काहीच निश्चित होत नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक जागा "अजून सांगता येत नाही" या उत्तराची आहे.

नेहमीचे उदाहरण घेऊ. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे. स्वयंपाकघरात अग्नी आहे व धूरही आहे. लोहाराच्या तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, पण धूर नाही. म्हणजे सपक्षात धूर काही ठिकाणीच सापडतो. चालेल. पण तळ्यात अग्नी नाही, तेथे धूरही नाही. विपक्षात कारण कोठेच नाही, म्हणून ते खरे. आता उलट करा: डोंगरावर धूर आहे, कारण तेथे अग्नी आहे. ते लाल लोखंड आता विपक्षात गेले, आणि कारण तेथे हजर आहे! अनुमान कोसळले. शब्द तेच, जागा बदलली.

आता आपल्या घरातले उदाहरण. "या मुलाला गणित येणार नाही, कारण याच्या घरात कोणी शिकलेले नाही." हे वाक्य आमच्यापैकी कित्येकांनी लहानपणी वर्गात ऐकले आहे. आम्ही ते फळ्यावर मांडले. ज्यांना गणित येत नाही त्यांत काही अशिक्षित घरांतले, काही सुशिक्षित घरांतले. ज्यांना गणित येते त्यांतही तसेच. याच सभागृहात घरातली पहिली अक्षरे स्वतः गिरवलेले आणि आज अभियंते, शिक्षक, हिशेबनीस असलेले बंधू-भगिनी बसले आहेत. वाक्य सरळ नवव्या चौकटीत पडले: दोन्हीकडे काही ठिकाणी. त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

पण आमच्यातल्या एका ताईंनी फार मोलाची शंका काढली. त्या म्हणाल्या, "आमच्या वस्तीतून त्या वेळी एकही जण पुढे गेलेला नव्हता. विपक्षात दाखवायला माणूसच नव्हता. मग गुरुजींचे खरे होते का?"

या शंकेचे उत्तर दिङ्नागांच्या परंपरेतील आचार्य धर्मकीर्तींनी दिले आहे. त्यांच्या 'प्रमाणवार्तिका'ची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायनांनी तिबेटात शोधून काढली, हे आपणास ठाऊक असेलच. धर्मकीर्ती सांगतात की विपक्षात कारण दिसले नाही, एवढ्यावरून ते तेथे नाहीच असे ठरत नाही. त्यासाठी ते दृष्टांत देतात शिजणाऱ्या भाताचा. आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. ते म्हणतात, काही शिते शिजलेली दिसली म्हणून सगळा भात शिजला असे नक्की होत नाही. एखादे कच्चे असू शकते. कारण आणि परिणाम यांचा खरा संबंध दाखवावा लागतो, जसा अग्नीचा आणि धुराचा. न दिसणे वेगळे, नसणे वेगळे.

ताई काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी शाळा सोडली नसती."

बंधू-भगिनींनो, अजून घडले नाही ते अशक्य मानणे, ही केवळ तर्कातली चूक नाही. तिची किंमत माणसे आयुष्याने मोजतात. म्हणून आमची विनंती एवढीच, की कोणी "कारण" म्हणाले की कागदावर नऊ चौकटी आखा. घरातल्या मुलांविषयी बोलताना तर आधी आपलेच वाक्य त्यांत बसवून पाहा.

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!