पी.टी.चा तास कुणाचा?

(शिक्षिका व कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



'पोरीचं अभ्यासात लक्षच नाही' ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यावर उपाय काय केला जातो? पी.टी.चा तास गणिताला दिला जातो. मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवलं जातं. म्हणजे लक्ष लागावं म्हणून शरीर जखडायचं! हे उफराटं आहे.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. वीस मिनिटं भरभर चालल्यानंतर मुलांचं लक्ष अधिक टिकलं, वाचलेलं जास्त समजलं. मुलं होती वीसच. पण २०१४ साली त्यांनीच २२१ मुलांसोबत नऊ महिने चालवलेल्या खेळाच्या उपक्रमाचे निष्कर्ष मांडले. तेही त्याच दिशेचे होते. खेळलं की मार्क वाढतातच, असा दावा मी करणार नाही. पण खेळाने अभ्यास बुडतो, ही समजूत सोडायला हवी.

आता प्रश्न आपला. खेळाचा तास झालाच, तर मैदानावर कोण असतं? मुलगे. मुली कडेला, ओढणी सावरत, दप्तरं सांभाळत. 'आता मोठी झालीस, उड्या काय मारतेस?' हे वाक्य घरोघरी आहे. शाळेत स्वच्छ संडास नाही, पाणी नाही, मग पाळीच्या दिवसांत कोण धावेल? जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी रोज सरासरी साठ मिनिटं व्यायाम सांगते. तिच्याच अभ्यासानुसार २०१६ साली जगातल्या अकरा ते सतरा वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के मुलींना पुरेसा व्यायाम नव्हता.

आणि नुसतं 'धावा' म्हणूनही भागत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. मुलग्यांमध्ये ३१ टक्के. पहाटे उठून पाणी भरणारी, अर्धपोटी येणारी मुलगी तिसऱ्या तासाला पेंगते, तेव्हा तिला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. घरकामाचे कष्ट म्हणजे खेळ नव्हे. खेळात मोकळेपणा असतो, मैत्रिणी असतात, हसणं असतं.

खर्चाची सबब चालणार नाही. खो-खोला काय लागतं? दोन खांब आणि मोकळी जागा. झिम्मा-फुगडीला तेवढंही नको.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेला मैदान, खेळाचं साहित्य आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बंधनकारक केलं आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या नुसत्या सहीपुरत्या ठेवू नका. पुढच्या बैठकीत वेळापत्रक मागा. पी.टी.चे तास किती, त्यांतले झाले किती, मैदानावर मुली किती होत्या, हे विचारा. उत्तर वहीत लिहून घ्या आणि त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.