लोणारचे गुलाबी पाणी आणि मिठावर जगणारे जीव



जालना जिल्ह्यातल्या आपल्या पिंपळगाव रेणुकाईचे नाव घेतले की हिरव्या मिरचीचा बाजार डोळ्यांसमोर येतो. पण आजच्या संमेलनाचा विषय मिठाचा आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे एरवी हिरवट दिसणारे पाणी गुलाबी झाले. तर्कवितर्क खूप झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा रंगामागे हॅलोआर्किया हे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दिसले. उन्हाने पाणी आटले, क्षार आणि अल्कता वाढली, आणि त्यांना हवी तशी परिस्थिती मिळाली. प्रयोगशाळेत ते पाणी स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी रंगहीन झाले. रंग पाण्याचा नव्हताच.

लोणचे टिकते ते मिठामुळे. मीठ जंतूंच्या पेशीतले पाणी बाहेर ओढते आणि त्यांची वाढ थांबते. मग हे जीव जगतात कसे?

यावर निसर्गाने दोन वाटा काढल्या आहेत. अनेक जीवाणू पेशीत एक्टोइन किंवा ग्लायसिन बीटेन यांसारखी सेंद्रिय द्रव्ये साठवतात. ती बाहेरच्या मिठाचा ताण पेलतात आणि प्रथिनांना इजा करत नाहीत. मात्र ती तयार करायला ऊर्जा बरीच लागते. हॅलोआर्कियांची वाट वेगळी. ते पेशीत पोटॅशियम क्लोराइड भरून घेतात, तेही जवळजवळ बाहेरच्या मिठाच्या तोडीचे. ऊर्जा वाचते, पण त्याची किंमत प्रथिनांना मोजावी लागते. त्यांच्या पृष्ठभागावर अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांचे ऋण भार दाटीने असतात. मीठ असेपर्यंत ती घडी नीट राहते. मीठ कमी झाले की हे भार एकमेकांना ढकलतात आणि प्रथिन उलगडते. गोड्या पाण्यात टाकलेल्या हॅलोबॅक्टेरियम या हॅलोआर्कियाच्या पेशी फुटतात. हे जीव मीठ नुसते सोसत नाहीत. मीठ त्यांच्या बांधणीचाच भाग आहे.

पोटापाण्याची सोयही मोठी हुशारीची. दाट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी विरघळतो. म्हणून हॅलोबॅक्टेरियमचे काही प्रकार वायूच्या सूक्ष्म पिशव्या करून पृष्ठभागाकडे येतात. हवा कमी पडली तर आर्जिनिन हे अमिनो आम्ल आंबवतात. आणि सूर्य असेल तर? १९७१ मध्ये डिटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी या जीवांच्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळे प्रथिन शोधले. ते प्रकाश पडताच प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते, आणि ते प्रोटॉन परत आत येताना एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते. हरितद्रव्याशिवाय, ऑक्सिजन न सोडता! लाल छटा मात्र बॅक्टेरिओरुबेरिन या कॅरोटिनॉइडची. तेच तीव्र उन्हापासून पेशीचे रक्षण करते.

लोणारच्या जीवांना मिठाबरोबर अल्कताही सोसावी लागते. पीएच साधारण दहाच्या आसपास. अशा पाण्यात पेशी आतला सोडियम बाहेर टाकून प्रोटॉन आत घेते आणि आतली अल्कता मर्यादेत ठेवते. बसाल्टच्या खडकात उल्कापाताने झालेल्या या विवरातले हे सरोवर फार दुर्मीळ आहे. २०२० मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत आले, हे योग्यच झाले.

या ज्ञानाचा शेतीशी संबंध दूरचा नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या क्षारांशी झुंजतो आहे. पिकाच्या मुळांजवळ राहून क्षारांचा ताण हलका करणारे मीठसहिष्णू जीवाणू हा आज संशोधनाचा जिवंत विषय आहे. परदेशी पुस्तकातले जीव शोधण्याआधी आपल्या मातीत कोणते आहेत, हे पाहायला हवे.

लोणारचे जीव टिकण्यासाठी सरोवर खारट राहणे आवश्यक आहे. सांडपाणी किंवा जास्तीचे गोडे पाणी आत गेले तर मिठावर उभी असलेली ही जीवसृष्टी ढासळेल. जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी सरोवराच्या पाण्याची क्षारता आणि पीएच यांची नियमित नोंद घ्यावी, विद्यार्थ्यांनी ती मराठीत लिहावी, आणि दरवर्षी लोकांसमोर ठेवावी. आजच्या या व्यासपीठावरून एवढीच मागणी आहे.