समुद्रातून आलेला माणूस कोणाचा?

(छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठवाड्याला समुद्र नाही, म्हणून सागरी कायदा हा मुंबई-कोकणाचा विषय, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः याच जिल्ह्यातील पैठणचा माल दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांवर लादून भडोचला जात होता आणि तेथून जहाजांवर चढत होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तशी नोंद आहे. आणि समुद्रातून परक्या किनाऱ्यावर आलेल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न जागतिक न्यायासनापुढे प्रथम नेणाऱ्यांत एक मराठी माणूस होता.

८ जुलै १९१० रोजी सकाळी मार्सेलिस बंदरात उभ्या असलेल्या ‘मोरिया’ जहाजाच्या शौचकूपाच्या गवाक्षातून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी उडी घेतली. ती त्रिखंडात गाजली. पोहून कापलेले अंतर फार नव्हते. ते पुढे वर्णनांतून वाढत गेले. परंतु त्या थोडक्या पाण्यापलीकडे फ्रान्सची भूमी होती आणि तेथे ब्रिटिश पोलिसांना कोणताही अधिकार नव्हता. फ्रेंच सागरी पोलिसाने त्यांना धरले आणि प्रत्यर्पणाची कसलीही प्रक्रिया न होता ब्रिटिशांच्या हाती दिले. पुढे फ्रेंच सरकारने त्यांना परत मागितले व वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेला. बेल्जियमचे बेर्नार्ट हे अध्यक्ष होते. पाच लवादांमध्ये एक इंग्रज आणि एक फ्रेंच होता. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्याने सांगितले की, ताबा देण्यात अनियमितता झाली खरी, परंतु तेवढ्यावरून कैदी परत करण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, तो या दाव्यात पक्षकारच नव्हता. दोन राष्ट्रे आपापल्या मानापमानाचा हिशेब करीत होती. ४ जुलै १९११ रोजी सावरकर अंदमानात पोहोचले.

इतिहासाची गंमत अशी की, त्या उडीनंतर अडीच महिन्यांनी, २३ सप्टेंबर १९१० रोजी, ब्रुसेल्स येथे एक करार झाला. समुद्रात जीव जाण्याच्या संकटात असलेल्या प्रत्येकाला, मग तो शत्रू का असेना, स्वतःचे जहाज धोक्यात न घालता मदत करणे हे कप्तानाचे कर्तव्य होय, असे त्यात लिहिले गेले. शत्रूचाही उल्लेख करण्याइतके धैर्य त्या काळच्या सरकारांनी दाखविले, हे विशेष. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर सागरी जीवितसुरक्षेचा स्वतंत्र करार आला. १९८२ च्या समुद्र कायदाविषयक संयुक्त राष्ट्र कराराच्या ९८व्या कलमात हेच कर्तव्य पुन्हा नोंदले गेले. भारताने तो करार १९९५ मध्ये मान्य केला.

म्हणजे पाण्यातून बाहेर काढण्याचा कायदा स्पष्ट आहे. वाचविलेल्या माणसाला उतरवायचे कोठे, याबाबत मात्र तो अडखळतो. ऑगस्ट २००१ मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून चारशेहून अधिक माणसे उचलली. त्यांत बहुसंख्य अफगाण होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरू दिले नाही, उलट जहाजावर कमांडो पाठविले. या प्रसंगानंतर शोध व बचावविषयक करारात दुरुस्ती होऊन ती १ जुलै २००६ पासून लागू झाली. ज्याच्या बचावक्षेत्रात सुटका झाली, त्या देशाने सुरक्षित स्थळ मिळवून देण्यासाठी समन्वय साधावा, असे ती सांगते. समन्वय साधावा, आपल्याच बंदरात उतरवावे, असे नव्हे! ही पळवाट सर्वांनी वापरली आहे. सावरकर प्रकरणात न मिळालेले उत्तर शतकानंतर काही अंशी मिळाले. २००९ मध्ये इटलीच्या जहाजांनी खुल्या समुद्रात अडविलेल्या सोमाली व इरिट्रियन लोकांना परस्पर लिबियाच्या स्वाधीन केले होते. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्याबद्दल इटलीला दोषी ठरविले. यावेळी दाद मागणारी ती माणसे स्वतः होती.

आता आपल्याकडे पाहू. भारताचे बचावक्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर आहे. मुंबई, चेन्नई आणि श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून तटरक्षक दल त्याचे काम पाहते. १९५१ च्या निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. येथे एक आक्षेप सहज येतो व तो खोटा नाही. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला स्फोटके समुद्रमार्गेच उतरली. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही आपलीच मच्छीमार बोट बळकावून दहशतवादी मुंबईत आले. ज्या किनाऱ्याने हे सोसले, त्याने डोळे मिटून दार उघडावे, असे कोण म्हणेल? पण चौकशी करण्यासाठी माणूस जिवंत असावा लागतो. बुडत्याला वर घेणे म्हणजे नागरिकत्व देणे नव्हे. झडती, ओळख पटविणे, परत पाठविणे, हे सारे अधिकार राज्याकडे शाबूत राहतातच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अंदमानच्या समुद्रात याची परीक्षा झाली. बांगलादेशातील कॉक्स बाजारहून निघालेली रोहिंग्यांची बोट इंजिन बंद पडून भरकटली होती. तटरक्षक दलाने ती शोधली. ८१ जण जिवंत होते, ८ जणांचे मृतदेह होते. आपल्या जवानांनी अन्न, पाणी, औषधे दिली. हे कर्तव्य चोख बजावले गेले. परंतु उतरवायचे कोठे, यावर दिल्ली व ढाका यांचे एकमत होईना. बांगलादेशाने जबाबदारी नाकारली. शेवटी जूनमध्ये ती माणसे इंडोनेशियाच्या आचे प्रांतातील एका बेटाला लागली. निघाल्यापासून सुमारे चार महिने लोटले होते.

जगभरच्या व्यापारी जहाजांवर आपल्या कोकणातील आणि आता मराठवाड्यातीलही तरुण काम करतात. उद्या त्यांच्यापैकी एखाद्याच्या जहाजाने अशीच माणसे उचलली आणि ते अरबी समुद्रातून मुंबईकडे वळले, तर बंदराबाहेर त्याने किती दिवस नांगर टाकून थांबायचे, हे सांगणारा नियम आज तरी त्याच्या हातात नाही. तो संसदेने करावयाचा आहे.