प्रयोगाआधीचा ट्रे

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू नेमकं काय काम करतेस गं?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. उत्तर देण्यासाठी तुम्हाला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन जाते.

आपण आत शिरायचो तेव्हा टेबलावर ट्रे तयार असायचा. परीक्षानळ्या, चिमटा, स्पिरिटचा दिवा. आठवीचा वेगळा, दहावीचा वेगळा. तो मामा मांडून ठेवायचे, हे आपल्या कधी लक्षातच आलं नाही.

मी पायथन भाषेत प्रोग्राम लिहिते. तिथेही प्रत्येक प्रकल्पाचा ट्रे वेगळा. त्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. एका प्रकल्पाला लायब्ररीची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. काम सुरू करताना योग्य ट्रे आठवणीने पुढे घ्यावा लागतो.

आमच्या टीममधला एक नवा मुलगा ते विसरला. जुन्या प्रकल्पाच्या ट्रेमध्ये त्याने पांडाज लायब्ररीची २.० आवृत्ती घातली. तक्त्याला ओळी जोडणारी 'अपेंड' ही सोय त्या आवृत्तीत काढून टाकलेली आहे. सकाळचा अहवाल बंद पडला. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले, "एवढं साधं लक्षात राहत नाही?" पुढच्याच आठवड्यात, रात्री अकरा वाजता, तीच चूक माझ्या हातून झाली.

सकाळी सगळ्यांसमोरच त्याची माफी मागितली. मग आम्ही दोघांनी मिळून 'मीझ' नावाचं साधन बसवलं. स्वयंपाकाआधी सगळं जागच्या जागी मांडून ठेवण्याला फ्रेंचमध्ये जे म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची. तिच्यात 'टूल्स'खाली पायथनची आवृत्ती आणि 'एन्व्ह'खाली एक ओळ: ट्रे कुठे ठेवायचा, आणि नसेल तर नवा तयार कर. शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये मीझ सुरू करणारी ओळ घालायची आणि आपल्या फाइलवर विश्वास आहे, असं मीझला एकदा सांगायचं. त्यानंतर फोल्डरमध्ये शिरलं की ट्रे समोर, बाहेर पडलं की बाजूला. ती फाइल सगळ्यांना वाटायची. ट्रे मात्र ज्याचा त्याच्या संगणकावर तयार होतो.

सगळंच आपोआप होत नाही. ट्रेमध्ये कोणत्या लायब्ररी हव्यात, त्याची यादी वेगळी ठेवावी लागते. रात्री वेळापत्रकानुसार चालणारी कामं तुमच्या टर्मिनलमधून सुरू होत नाहीत, तिथे मीझला आज्ञेतच बोलवावं लागतं. पण विसरण्याची ती एक जागा बुजली.

विसरणारा माणूस बेजबाबदार असतोच असं नाही. पुष्कळदा ट्रे मांडायची व्यवस्थाच नसते. हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. मामांना ते तेव्हाच ठाऊक होतं.

मामा आज शेवटच्या रांगेत बसले आहेत. मामा, पुढे या. तुमची खुर्ची इथे, सरांच्या शेजारी ठेवली आहे.