मडक्यात मडकं

बाजार उठायच्या वेळी उरलेली वांगी मातीमोल भावाने द्यायची, हे आपल्या भाजीवाल्यांना नवं नाही. आफ्रिकेत, उत्तर नायजेरियात, बायकांची हीच गत होती. तिथे कुंभाराच्या घरात वाढलेले मोहम्मद बाह अब्बा नावाचे शिक्षक होते. त्यांनी १९९५ मध्ये मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवलं, मधल्या फटीत ओली वाळू भरली, वर ओलं फडकं टाकलं. झालं! वीज नको, काही नको. बाहेरच्या मडक्यातून पाणी झिरपून हवेत उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं, आपल्या माठासारखंच. तीन दिवसांत सुकणारी वांगी २७ दिवस टिकली. म्हणजे पुढचे तीन बाजार हातात! २००० साली या कामाला रोलेक्स पुरस्कार मिळाला. आम्हाला जास्त आवडलं ते हे, की रिकाम्या बसलेल्या कुंभारांना काम मिळालं.

मडकी बिनरंगाची घ्या, रंगाने छिद्रं बुजतात. सावलीत, वाऱ्याला ठेवा. वाळू सुकू देऊ नका. पावसाळ्यात आणि कोकणच्या दमट हवेत मात्र याचा फारसा उपयोग नाही. दूधही ठेवू नका. फ्रिज नव्हे तो.

येत्या चैत्रात दोन जोड्या मांडायचं आम्ही ठरवलंय. एकीत वांगी, दुसरीत मेथी.