एका लहान जेट विमानाची जुळणी

(नभोवाणीवरील भाषण)

खेळण्यातले विमान म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतली चावीची विमाने उभी राहतात. ज्या विमानाविषयी मी आज बोलणार आहे, तेही म्हटले तर खेळणेच. पण त्याची लांबी आहे सुमारे अडीच मीटर, इंधन भरल्यावर त्याचे वजन होते अठरा किलो, आणि त्याच्या पोटात बसते खरेखुरे जेट इंजिन! जमिनीवर उभे राहून, हातातील रेडिओयंत्राने ते उडवायचे असते.

मी बेळगावात शाळेत विज्ञान शिकवते. मुलांकडून बाल्सा लाकडाची ग्लायडर करवून घेता घेता मलाही या छंदाची गोडी लागली, आणि बॅटरीवर चालणारी दोन लहान विमाने मी स्वतः जुळवली. त्या वेळचा माझा एक विद्यार्थी आता विमानांचे सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. गेल्या वर्षी, कित्येक वर्षांची शिल्लक खर्चून, त्याने या जेट विमानाचा संच मागवला आणि मला म्हणाला, “बाई, दोन हात कमी पडतात. नाताळच्या सुट्टीत याल का?” मी गेले.

पेटी उघडल्यावर प्रथम वाटते, की आता करायचे ते काय उरले? काचतंतूंचे आणि कार्बनतंतूंचे धड रंगवूनच येते. पंख एका जाड नळीवर सरकवले, की झाले विमान! वस्तुतः खरे काम तेथूनच सुरू होते. चाके मिटवणारी यंत्रणा, ब्रेक, इंधनाची टाकी, इंजिनामागची पातळ पत्र्याची दुहेरी नळी, रेडिओचे संदेश घेणारे यंत्र, एक बॅटरी दगा देईल तर दुसरी असावी म्हणून दोन बॅटऱ्या, आणि पंखांवरच्या व शेपटीवरच्या पट्ट्या फिरवणाऱ्या सर्व्हो नावाच्या लहान मोटारी. हे सारे आपणच बसवायचे असते.

इंजिनाची कथा तर मोठी नवलाची आहे. असे इंजिन घरच्या लहानशा कर्मशाळेतही करता येते, हे जर्मनीतील कुर्ट श्रेक्लिंग यांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिले. त्यांच्या इंजिनातील हवा दाबणारे चक्र चक्क प्लायवुडचे होते आणि त्यावर कार्बनचे तंतू गुंडाळलेले होते! आजची इंजिने कारखान्यात तयार होतात व त्यांतील चक्रे धातूची असतात. आमचे इंजिन जेमतेम दोन किलो वजनाचे, पण त्याचा रेटा वीस किलोंच्या वर. पूर्ण वेगात त्याचा आस मिनिटाला एक लाखाहून अधिक, म्हणजे सेकंदाला सोळाशेहून अधिक फेरे घेतो. इंधन म्हणजे आपले रॉकेल किंवा विमानाचे इंधन, आणि त्यात थोडे वंगणतेल. मात्र इंधनाच्या नळीत हवेचा मोठा बुडबुडा शिरला, तर ज्वाला विझून इंजिन आकाशातच बंद पडते. म्हणून मोठ्या टाकीच्या आणि पंपाच्या मध्ये बुडबुडे अडवणारी एक लहान टाकी ठेवावी लागते.

पुढचा प्रश्न तोलाचा. पुस्तिकेने सांगितलेल्या जागी पंखांखाली टेकू देऊन विमान उचलले, तर शेपूट खाली गेली. नाकात शिसे भरणे सोपे होते, पण मृत वजन वाहायचे कशाला? पाऊण किलोच्या बॅटऱ्या चाळीस सेंटिमीटर पुढे सरकवल्या, आणि मध्यापासून एक मीटरवर तीनशे ग्रॅम शिसे ठेवून जे साधले असते, ते शिशावाचून साधले. बागेतल्या सीसॉचाच हा नियम! इंधनाची टाकी मात्र बरोबर गुरुत्वमध्याजवळ असते. नाहीतर इंधन जळेल तसा विमानाचा तोल बदलत जाईल.

माझ्या विद्यार्थ्याने कारखान्यातली शिस्त घरी आणली होती. एक वही केली होती. प्रत्येक सांधा कोणी जोडला, कधी जोडला, हे त्यात लिहून खाली सही करायची. एलेव्हेटर, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्ट्या, यांचे हॉर्न मी चिकटवले. हॉर्न म्हणजे सर्व्होची दांडी जिथे अडकते ती लहानशी खुंटी. ती चिकटवण्यापूर्वी तिचा गुळगुळीत पृष्ठभाग पॉलिशपेपरने खरवडावा लागतो. त्यावाचून इपॉक्सी धरत नाही. उजवी मी खरवडली. डावीच्या वेळी घरून निरोप आला, मी घाईघाईने ती तशीच चिकटवली, आणि वहीत सही केली.

उड्डाण सव्वीस जानेवारीला ठरले. मुलाच्या वडिलांना हा खर्च मुळीच रुचला नव्हता. तेही पाहायला येणार होते. चोवीस तारखेच्या रात्री मला ती खुंटी आठवली. मन सांगू लागले, “तीन आठवडे झाले, हाताने ओढून पाहिली तेव्हा हलली नव्हती, आता कशाला विषय काढतेस?” शिवाय, ज्याला आपण शिकवले त्याच्यापुढे आपलीच हयगय कबूल करायची! शेवटी मी कागदावर हिशेब मांडला. अठरा किलोचे विमान ताशी तीनशे किलोमीटर वेगाने जात असता त्याच्या अंगी जी ऊर्जा असते, तितकीच ऊर्जा ताशी चाळीस किलोमीटरने धावणाऱ्या एक टन वजनाच्या मोटारीच्या अंगी असते. या वेगात पट्टी सैल झाली, तर तिला फडफड सुटते आणि क्षणार्धात शेपूट उखडते. विमानात माणूस नसतो हे खरे. पण खाली माणसे असतात.

सकाळी मी त्याला सांगितले. त्याने एवढेच विचारले, “कोणती, बाई?” मी म्हटले, “डावी.” त्याने पकडीने धरून जोराने ओढली, तशी ती सबंध उपटून आली, तिच्या अंगावर इपॉक्सीचा कणही नव्हता. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग “सव्वीस तारीख गेली,” असे म्हणून त्याने वडिलांना फोन लावला. नंतर वही पुढे केली, मला माझी सही खोडायला लावली, आणि मग स्वतःच्या एका सहीवर बोट ठेवून म्हणाला, “ही इंधननळी मी रात्री एक वाजता बांधली होती. हीही सोडून पाहू या.” ती व्यवस्थित निघाली, तरी त्याने ती नव्याने बांधली.

खुंटी मीच पुन्हा बसवली. खरवडली, स्पिरिटने पुसली, संथपणे सुकणारी इपॉक्सी वापरली आणि पुरे चोवीस तास तिला हात लावला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी विमान उडाले. अग्निशामक नळकांडे हाताशी होते, बघणारे धावपट्टीपासून दूर उभे होते, घड्याळ सहा मिनिटांवर लावले होते. लोक विमानाचा वेग पाहत होते. मी सारा वेळ शेपटीचा डावा भाग शोधत होते. चाके टेकली तेव्हा वडील मुलाला म्हणाले, “पुन्हा उडवणार आहेस ना? मग आधी सगळे तपासून घे.” मला वाटते, त्यांनी त्याचा छंद त्या क्षणी मान्य केला.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला असे विमान येईल. पण कुणाच्या घराची वायरिंग, कुणाची सायकल, कुणाचे औषध आपल्या हातून जातच असते. तिथे एखादा सांधा घाईत जोडला गेला असेल आणि तो आज रात्री आठवला, तर सकाळी सांगून टाकावे.