आवाज एक, वाटा दोन

मुरूडच्या किनाऱ्यावर खडकाला धडकून परतणारी लाट नव्या लाटेला भेटते. माथ्याला माथा मिळाला तर पाणी उसळते. माथा खळग्यात पडला तर दोन्ही विरतात.

स्पीकरच्या खोक्यातही हेच घडते. मोठा वूफर खर्ज सांभाळतो, छोटा ट्वीटर वरचे स्वर. क्रॉसओव्हरमधली कॉइल आणि कंडेन्सर ही वाटणी करतात. ती ३००० हर्ट्झला असेल, तर तिथे ध्वनिलहरीची लांबी भरते जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. त्याच्या निम्म्याने एक आवाज मागे पडला, की दोघे एकमेकांना खोडतात.

गंमत म्हणजे, काही रचनांत क्रॉसओव्हरच हा अर्ध्या लहरीचा फरक पाडतो. म्हणून बनवणारा ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडतो. आमच्या घरचा ट्वीटर बदलताना कारागिराने त्या 'सुलट' केल्या. कॅसेटमधला अब्बांचा आवाज राहिला, पण 'च', 'स' यांची धार गेली. जणू ते तोंडावर रुमाल धरून शेर म्हणताहेत. तारा उलटवल्या आणि अब्बा पुन्हा स्वच्छ बोलू लागले. त्यांचा तेवढाच आवाज आमच्याकडे उरला आहे.

१९७६ साली झिगफ्रिड लिंकविट्झ या अभियंत्याने मांडलेल्या रचनेला त्यांचे सहकारी रायली यांचेही नाव जोडले जाते. तिच्यात दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार घेतला, की फरक पूर्ण लहरीचा होतो आणि दोन्ही आवाज पावलाला पाऊल मिळवून चालतात.

शेराच्या दोन ओळींचेही असेच. दोन्ही चांगल्या असून भागत नाही. दुसरी वेळेवर यावी लागते.